उघड्या जखमेवर बोलू नये

४ जानेवारी

धाकटे,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. टपाल ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आशीर्वाद नेहमीचेच. तब्येत विचारत नाही, ती मला रोज कळते. संध्याकाळी आईचा फोन वाजतो, तू तिला जेवलीस का, गोळी घेतलीस का विचारतेस, आणि आई आवाज मोठा करून सगळ्या मजल्याला ऐकवते. मी स्वयंपाकघरात असते. मधेच ती ओरडते, "अगं, ही इथंच आहे, देऊ का?" मग तू गप्प होतेस आणि मला घासायची भांडी आठवतात. काल तिनं मला बजावलं, "तुमच्या भांडणात माझा फोन वापरायचा नाही हां. चार्जिंग उतरतं." वापरणारही नाही. मागच्या दारानं यायची मला सवय नाही.

हे पत्र समजूत घालायला लिहीत नाही. तुझ्या व्हिडिओखाली मी जे लिहिलं ते मला आजही बरोबर वाटतं. पोटावरचे टाके उघडे, ट्रे उघडा, आणि तू त्यावर वाकून अखंड बोलत होतीस. ड्रेसिंग उघडं असताना बोलायचं नाही, तोंडातले जंतू जखमेत जातात, हे आपण दोघी नर्सिंगच्या एकाच कॉलेजात, दहा वर्षांच्या अंतरानं, एकाच बाईंकडून शिकलो. म्हणून लिहिलं : 'उघड्या जखमेवर बोलू नये. तोंड मिट. ताई.' मला वाटलं, ती लिहायची चौकट म्हणजे तुझ्या दाराखालून सरकवायची चिठ्ठी. तो भर चौक निघाला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली अनोळखी माणसं 'तोंड मिट' लिहायला लागली, ते वाईट झालं. पण ते त्यांनी लिहिलं.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यात घोळते आहे. तू दार लावण्याआधी माझ्या ओळीखाली पुष्कळांनी लिहिलं होतं, 'रबर!' 'ताई, रबर आहे!' आणि हसून रडणारे चेहरे. ग्लोव्ह्जबद्दल म्हणत असावेत. पण ग्लोव्ह्ज तू नीट घातले होतेस, ते मी पाहिलं होतं. मग रबराचं काय? राग राहू दे, एवढं कळव.

आता कामाचं. नोंदणीचं नूतनीकरण आलं आहे, आणि शिक्षणाचे काही तास आता ऑनलाइन भरावे लागतात. पहिला धडा हात धुण्याचा होता. चित्रातली बाई हात धुते, आपण 'पुढे' दाबायचं. मी एक प्रयोग केला. चष्मा काढून ठेवला आणि एक अक्षर न वाचता 'पुढे, पुढे' दाबत गेले. शेवटी पडद्यावर फुगे उडाले आणि प्रमाणपत्र निघालं. चष्मा नसल्यामुळे अभिनंदन कुणाचं केलं आहे तेही दिसेना. हे मी वॉर्डात सांगितलं तर आमची चिमणी हसली. चिमणी म्हणजे गेल्या वर्षी आलेली सिस्टर. आवाज इतका बारीक की पेशंट प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. म्हणाली, "सिस्टर, खरं शिक्षण तिथं नसतंच. ते ग्रुपवर असतं." आणि जीभ चावली, कारण माझ्या वॉर्डात फोन कपाटात राहतात.

तर दुसरा प्रश्न. नर्सेसचे हे ग्रुप काय असतात? तिथं शिकवतं कोण? आणि शिकवणाऱ्याला तपासतं कोण?

उत्तर एका कार्डावर मावेल.

ताई


१९ जानेवारी

धाकटे,

कार्ड आलं नाही. ठीक. लहानपणी तू रुसलीस की पलंगाखाली जायचीस आणि भूक लागली की बाहेर यायचीस. मला वाट पाहता येते.

ग्रुपचं मीच शोधून काढलं. चहाच्या सुट्टीत चिमणीला बोलावलं आणि म्हटलं, "फोन काढ." तिचा चेहरा पांढरा. "सिस्टर, मी वॉर्डात कधीच..." म्हटलं, "जप्त करत नाही. दाखव." जखमा आणि पोटावरच्या पिशव्या यांची कामं करणाऱ्या नर्सेसचा एक ग्रुप आहे, त्यात मला कसं शिरायचं ते तिनं दाखवलं. खरं नाव तिथं कुणी लावत नाही. मी म्हटलं, ही काय चोरांची सभा आहे? तर म्हणाली, "नाव नसलं की मूर्ख प्रश्न विचारता येतो, सिस्टर." हे वाक्य मी दिवसभर चघळलं. तुम्ही काय नाव घेता ते मला सांगू नका, असं म्हणून ती कप विसळायला गेली. मी 'जुनी खोड' असं लिहिलं.

सांगते काय काय पाहिलं. आधी नियम. पेशंटचं नाव नको, चेहरा नको, खाट नको, तो काय काम करतो तेही नको. फोटो टाकायचा तर त्याची परवानगी. प्रश्न विचारण्याआधी आपण काय करून पाहिलं ते सांगायचं. नियम कुणा शिस्तीच्या बाईनं लिहिलेले दिसतात. एकीनं टाचेच्या जखमेचा फोटो टाकला होता, त्याखाली लाल बदाम. जखमेला बदाम कशाला? आवडली म्हणून? दुसरी विचारत होती, म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, काय करू? कुणी म्हणे गरम कपडा ठेव, कुणी म्हणे हात खाली सोडू दे, आणि एकीनं लिहिलं, आधी त्याला नातवंडांबद्दल विचार, माणूस सैल पडला की शीर वर येते. मी दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. आली! हे कुठल्या पुस्तकात आहे, सांग बरं.

तू असतेस का तिथं? नावांवरून काही पत्ता लागत नाही.

आता ज्यासाठी हा खटाटोप. माझ्या वॉर्डात एक शाळेतल्या बाई आहेत. नाव लिहीत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालं, आतड्याचं टोक पोटावर काढलं आहे, त्यावर पिशवी चिकटवावी लागते. ती टिकत नाही. सकाळी लावली की दुपारी सुटते, शेजारच्या टाक्यांत घाण जाते, भोवतीची कातडी सोलवटून लाल झाली आहे. मी पेस्ट बदलली, पिशवीची जात बदलली, कातडी कोरडी करायची पावडर बदलली. पालथ्या घड्यावर पाणी. सर्जन येतात, "कातडी बरी झाली की घरी" म्हणतात आणि जातात. कातडी बरी कशी होणार ते सांगत नाहीत.

बाई रागीट आहेत, मला आवडल्या. काल म्हणाल्या, "सिस्टर, मला पोरांसमोर उभं राहायचंय. वर्गात ही सुटली तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवणार नाही. तुम्ही सांगा, टिकेल की राजीनामा देऊ?" मी म्हटलं, "टिकेल." म्हटलं खरं, पण कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नाही.

हे काम तू रोज करतेस. राग रागाच्या जागी ठेव आणि सांग, मी काय बघत नाहीये?

ताई


२८ जानेवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही, म्हणून मी चौकात गेले.

बाईंची परवानगी घेतली. म्हणाल्या, "म्हणजे माझं पोट प्रश्नपत्रिकेत येणार? येऊ द्या. पण कॉपी करून का होईना, उत्तर आणा." फोटोत फक्त पोट. काय काय करून पाहिलं ते सगळं लिहिलं. त्या काय काम करतात ते लिहिलं नाही, नियम म्हणजे नियम. मग फोन पालथा ठेवून भाजी चिरायला बसले. आईनं दोनदा विचारलं, कुणाचा फोन यायचाय का. म्हटलं, नाही. "मग त्याच्याकडे अशी का बघतेस, दूध उतू जाणार असल्यासारखी?"

उत्तरं आली. पेस्ट बदला. पिशवी बदला. पावडर बदला. एकीनं हात जोडलेले पाठवले, देव भलं करो. आणि मग 'वाघीण' नावाच्या कुणीतरी लिहिलं :

'तुमच्या फोटोत पेशंट झोपलेली आहे. बसवून बघितलंत का?'

मला राग आला. नमस्कार नाही, ताई-माई नाही. मी लिहिलं, 'इतकी वर्षं पिशव्या लावते आहे, पेशंटला झोपवूनच लावतात.' ती म्हणाली, 'लावा झोपवून. पण ती दिवसभर झोपून राहणार आहे का?'

जीभ तिखट आहे, पण प्रश्न सरळ होता. सकाळी ड्रेसिंगच्या वेळी बाईंना खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडायला सांगितले. आणि अगं, पोट बदललं! झोपल्यावर सपाट, गुळगुळीत. बसल्याबरोबर आतड्याच्या त्या तोंडाच्या उजव्या अंगाला एक खोल वळी पडली, पिशवीच्या चकतीच्या बरोबर कडेखाली. चकती तिथं उचलली जात होती आणि आतून वाट फुटत होती. इतके दिवस बाई सांगत होत्या, "बसलं की सुटते." आणि मी म्हणत होते, "भरली की सुटते." मी त्यांना कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं, पण पोट झाकलेलं असताना.

मला इतका आनंद झाला की काही सुचेना. बाई म्हणाल्या, "हसताय काय? माझं पोट आहे ते." मी काही बोलले नाही, कारण ड्रेसिंग उघडं होतं. ट्रे धरून चिमणी उभी होती, तीही गप्प. झाकल्यावर मग म्हटलं, "बाई, चोर सापडला."

आता ती वळी भरायची कशी ते शोधते आहे. आणि ही वाघीण कोण, तेही.

ताई


७ फेब्रुवारी

धाकटे,

सापडलीस.

सगळं क्रमानं सांगते, म्हणजे तुला नाकारायला जागा राहणार नाही. वाघिणीनं मला पायरी पायरीनं नेलं. वळीत पेस्टची कडी बसवा, चपटी चकती नको, मध्ये फुगीर असते ती घ्या, वर कमरेचा पट्टा, आणि पिशवी लावताना पेशंटला अर्धवट बसवा. मी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारलं आणि प्रत्येक 'का'ला तिनं उत्तर दिलं. तीन वेळा फसलो, चौथ्यांदा पिशवी अख्खा दिवस टिकली. बाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या आणि मी मिनिटामिनिटाला डोकावत होते. "सिस्टर, तुम्ही वर्गावर असता तर पोरं जीव मुठीत धरून बसली असती," म्हणाल्या.

तरी संध्याकाळी सुटलीच. ते मी ग्रुपवर लिहिलं. तर वाघीण म्हणाली, 'नुसतं बसवून नाही भागणार. वह्या तपासताना त्या पुढे वाकतात, तेव्हा बघा.'

वह्या!

मी ग्रुपवर कुठंही लिहिलेलं नाही की त्या शाळेतल्या बाई आहेत. एका अक्षरानं नाही. ते मी फक्त एका ठिकाणी लिहिलं, तुला, १९ तारखेच्या पत्रात. पत्र पोचायला आठवडा पुरतो. तेव्हा वाघीणबाई, तोंड लपवलंत तरी शेपूट बाहेर राहिलं. मला वाटलंच होतं. तो तिखटपणा, ते नमस्कार न करता अंगावर येणं. लहानपणी मी अभ्यास घ्यायला बसले की तू असंच विचारायचीस, "पण तूच सांग, का?"

तुला सांगू? ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि आईला म्हटलं, आज मला भूक आहे. तिनं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, धाकटी पलंगाखालून बाहेर आली.

हे पत्र पोचेपर्यंत धीर निघणार नाही, म्हणून तुला तिथंच लिहून टाकलं आहे. वाचलं असशीलच.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

ती तू नव्हतीस.

कुठून सुरुवात करू? मी वाघिणीच्या उत्तराखाली लिहिलं होतं : 'धाकटे, पुरे झालं लपणं. पत्र मिळालं ना? मी ओळखलं तुला. आता बोल माझ्याशी. ताई.' मला वाटलं, तिच्या उत्तराखाली लिहिलं म्हणजे तिलाच दिसेल. हात दाखवून अवलक्षण! पुन्हा भर चौकात! पाच मिनिटांत लोक गोळा. 'ताई? म्हणजे *त्या* ताई?' 'तोंड मिट वाल्या?' 'अहो, जुनी खोड म्हणजे त्याच!' एकीनं लिहिलं, 'ताई, आमच्या वॉर्डात तुमचं वाक्य भिंतीला लावलंय.' मला मान खाली घालावी की वर करावी कळेना. वाघीण मात्र गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धूत होते. चिमणी मागं येऊन उभी. म्हणाली, "सिस्टर." मी म्हटलं, "मोठ्यानं बोल." तर तिनं डोळे मिटून, जन्मात बोलली नसेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "वाघीण मी आहे!" दोन पेशंट उठून बसले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, धाकटे. हातभर अंतरावर ट्रे धरून उभी होती ती. मी तिला आमच्या खोलीत नेलं, दार लावलं. "केव्हापासून माहीत होतं?"

"बाई आल्या त्या आठवड्यापासून. मी त्यांना जेवायला बसवायचे, तेव्हा वळी दिसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"ड्रेसिंगच्या वेळी बोलायचं नाही ना, सिस्टर."

"आणि ड्रेसिंग झाल्यावर?"

"झाल्यावर तुम्ही पुढच्या खाटेवर गेलेल्या असता. तिथलं उघडलेलं असतं."

मी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाते आणि मधे थांबत नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कधी सांगणार? "आणि ती जुनी खोड म्हणजे मी, हे कळलं होतं?" "फोटोतला ट्रे आपलाच होता, सिस्टर. पण तिथं तुम्ही मला 'का' असं विचारलंत. इथं तुम्ही कधी..." आणि पुन्हा चिमणी झाली.

मी तिला एका दमात शाबासकी दिली आणि झाडलं. शाबासकी वळीबद्दल. झाडलं वह्यांबद्दल. बाहेरच्या ग्रुपवर पेशंटचं काम उघडं केलंस, नियम काय सांगतो? उद्या त्यांच्या शाळेतलं कुणी वाचलं तर? तिला हे सुचलंच नव्हतं. रोज जवळून बघितलेल्या माणसाबद्दल लिहिताना जे आपल्याला माहीत आहे ते जगाला माहीत नाही, हे विसरायला होतं. तिनं ओळ तिथल्या तिथं पुसली. आम्ही दोघी जाऊन बाईंना सांगून आलो. त्या म्हणाल्या, "वह्या तपासणाऱ्या बाया काय मी एकटीच आहे? पण सांगितलंत ते बरं केलंत."

मग मी चिमणीला विचारलं, बसवून बघायचं हे तू शिकलीस कुठं? कॉलेजात तर नाहीच.

ती फोन हातात घेऊन नुसती उभी.

"दाखव," म्हटलं.

तिनं दाखवला, तो तुझा व्हिडिओ होता. तोच. ज्याखाली मी लिहिलं होतं तो.

धाकटे, मी तो तेव्हा चौथ्या मिनिटाला बंद केला होता. राग आला, चौकट दिसली, लिहिलं, फोन ठेवला. या वेळी चिमणी शेजारी होती, त्यामुळे बंद करता येईना. चौथं मिनिट गेलं. तू टाके झाकलेस. मग त्या पोटावर टिचकी मारलीस आणि म्हणालीस, "आता अडचण अशी की हा बसत नाही." टक्‌ असा आवाज आला. पोकळ.

रबर!

शिकवायचा पुतळा होता तो. इतकी वर्षं माणसांची पोटं बघितली आणि मला रबर ओळखू आलं नाही. चष्म्याला दोष देणार होते, पण चष्मा डोळ्यांवरच होता.

मग तू ती पिशवी स्वतःच्या युनिफॉर्मवर चिकटवलीस, स्टुलावर बसलीस, वाकलीस, बुटाची नाडी बांधलीस. "याला वळी पडत नाही, मला पडते. देवाच्या दयेनं भरपूर पडते." आडवं, उभं, बसून, वाकून. चार वेळा बघा, मग पिशवी निवडा. सगळं त्यात होतं. माझ्या बाई कळवळत होत्या, आणि उत्तर मी स्वतःच्या बोटानं चौथ्या मिनिटाला बंद करून ठेवलेलं होतं.

आणि शेवटी तू कॅमेऱ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "माझी ताई हे बघत असेल तर आधीच सांगते. ताई, हा रबराचा आहे. खऱ्या जखमेवर मी बोलत नाही. तूच शिकवलंस."

चिमणीनं फोन हळूच काढून घेतला.

तर त्या हजारो लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं होतं. ते हसत होते, कारण तू जिच्याकडे बघून बोललीस ती एकटीच तिथं नव्हती. मला आजपर्यंत वाटत होतं, मी चारचौघांत बोलले म्हणून तू रुसलीस. तसं नव्हतं ना? मी शेवटपर्यंत बघितलं नाही म्हणून रुसलीस.

नियम मी बदलणार नाही. उघड्या जखमेवर बोलायचं नाही ते नाहीच. पण परवापासून माझ्या वॉर्डात एक भर घातली आहे. झाकलं, पट्टी लागली, की पुढच्या खाटेवर जायचं नाही. तिथंच थांबायचं आणि ट्रे धरणारीनं आधी बोलायचं. पहिल्या दिवशी सगळ्या भिंतीकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी चिमणी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही टेप फार ताणून लावता." खरं होतं.

ताई


३ मार्च

धाकटे,

बाई शाळेत गेल्या. त्याआधी आमच्या खोलीतल्या टेबलाशी त्यांना बसवलं, चिमणीनं कागदांचा गठ्ठा समोर ठेवला, आणि बाईंनी पुढे वाकून सगळे लाल शाईनं तपासले. ते वॉर्डाचे जुने तक्ते होते. माझं शुद्धलेखन त्यांना पसंत पडलं नाही. पिशवी टिकली. शाळेतून परवा त्यांचा निरोप आला : 'फळ्यासमोर अख्खा तास. नंतर वह्या. काही झालं नाही. पोरांनी मात्र फार त्रास दिला, तो नेहमीचा.' परवानगी घेऊन, शाळा-वह्या वगळून, मी हे ग्रुपवर कळवलं. खाली बदाम आले. आता मला कळतं ते कशाला असतात.

रुग्णालयानं विचारलं, ऑनलाइन शिक्षणाचे तास कसे भरले? मी लिहिलं, एक धडा चष्मा काढून आणि एक व्हिडिओ शेवटपर्यंत. पहिल्याचं प्रमाणपत्र जोडलं आहे, दुसऱ्याचं मिळत नाही. त्यावर मेट्रननं बोलावलं आहे. बघू. चिमणीला मी सांगितलं आहे, वॉर्डात शिकलेलं आठवड्यातून एकदा सगळ्यांना दाखवायचं. फोन कपाटातच राहणार, पण त्या एका तासाला कपाट उघडेल.

आता खरं सांगते, पत्र का लिहायला बसले. आज दुपारी त्या ग्रुपवर, मी जिथं दुसऱ्यांदा शोभा करून घेतली त्याच ओळीखाली, सगळ्यांच्या गमती संपल्यावर, एक नवीन ओळ आली.

'ताई, चौकात नको. दार उघडलंय. धाकटी.'

मी पुन्हा पुन्हा वाचली. गेल्या खेपेला वह्यांवरून तर्क केला आणि तोंडघशी पडले, म्हणून या वेळी नीट तपासलं. 'चौक' आणि 'दार' हे शब्द मी चिमणीला बोललेले नाहीत, ग्रुपवर लिहिलेले नाहीत, आईलाही नाहीत. ते फक्त तुला लिहिलेल्या पत्रांत आहेत. म्हणजे तू पत्रं वाचतेस. सगळी. शेवटपर्यंत.

फोन उघडून पाहिला. तुझा फोटो, जो करडा झाला होता, तो परत आला आहे. केस पांढरे व्हायला लागले की तुझे. आईच्या फोनवर रोज ऐकते, पण ते ऐकू येत नाही ना.

हे पत्र तुला आठवड्यानं मिळेल आणि फोन मी आत्ताच करणार आहे. मग पत्र कशाला, असं तू विचारशील. लेखी असावं म्हणून. मी शब्द देते की मधे बोलणार नाही. तू रबरापासून सुरुवात कर, नाहीतर पलंगापासून, कुठूनही कर. मला चूक दिसली तरी मी गप्प राहीन. तुझं सगळं बोलून झालं, झाकलं, पट्टी लागली, की मग तू विचार, आणि मग मी बोलेन.

आई शेजारी येऊन बसली आहे. "माझ्या फोनवरून नको हां," म्हणते. म्हटलं, माझ्याच फोनवरून.

उचल. मी तोंड मिटलं आहे.

ताई